चमचाभर धूळ : बंगळुरूची हवा आणि कर्करोग

बंगळुरू म्हणजे थंड हवेचे शहर, ही ओळख महाराष्ट्रात अजून पुसलेली नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच पठार, वर्षभर बेताचे तापमान, लालबाग आणि कब्बन पार्क. निवृत्तीनंतर जाऊन राहावे असे गाव म्हणून एके काळी या शहराचे नाव घेतले जाई. दिल्लीत नोव्हेंबरात धुरक्यामुळे शाळांना सुट्टी द्यावी लागते तेव्हाही बंगळुरूचे आकाश बहुधा निळेच असते. मोजमापही या समजुतीला दुजोरा देते. पीएम २.५ या सर्वांत घातक बारीक धुळीची वार्षिक सरासरी येथे अलीकडच्या वर्षांत घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास राहिली आहे. भारतातील वार्षिक मर्यादा आहे ४०. म्हणजे कागदोपत्री शहर पास.

मग या हवेचा आणि कर्करोगाच्या वॉर्डातील खाटांचा संबंध जोडायचा तरी कसा? कोडे इथेच आहे. ते सोडवण्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. शरीर धुळीचा हिशेब कसा ठेवते ही पहिली, आणि रुग्णालय रुग्णांचा हिशेब कसा ठेवते ही दुसरी. दोन्ही हिशेबांची वहीच वेगळी आहे, आणि बहुतेक गोंधळ त्या दोन वह्या एकच समजल्याने होतो.

चमचा कसा भरतो

प्रौढ माणूस दिवसाला साधारण ११ हजार लिटर हवा आत घेतो. हे झाले ११ घनमीटर. प्रत्येक घनमीटरात ३० मायक्रोग्रॅम बारीक धूळ असेल तर दिवसाला ३३० मायक्रोग्रॅम धूळ नाकावाटे आत जाते. बारीक मिठाचे पाच-सहा कण एवढे तिचे वजन. वर्षभराची धूळ एकत्र केली तरी ०.१२ ग्रॅम भरते, म्हणजे धड चिमूटसुद्धा नाही. चाळीस वर्षांची मात्र ४.८ ग्रॅम होते. चहात घालायच्या एक चमचा साखरेचे वजन साधारण इतकेच असते.

यातली बरीचशी धूळ उच्छ्वासाबरोबर परत जाते, काही खोकल्यावाटे बाहेर पडते. तरीही हा चमचा डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे आहे, कारण दीर्घकालीन संपर्क म्हणजे नेमके काय ते त्यातून कळते. दिवाळीच्या रात्री हवा कितीही काळीकुट्ट झाली तरी त्या एका रात्रीने चमचा भरत नाही. तो भरतो रोजच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, मर्यादेच्या आतल्या पाच-सहा कणांनी. दिल्लीत वार्षिक सरासरी शंभराच्या घरात असते; तिथे याच हिशेबाने तीन चमच्यांहून अधिक धूळ होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्या हवेत चाळीस वर्षे काढली तर एक ग्रॅमही भरत नाही. भारताची ४० ची मर्यादा २००९ सालची आहे. बंगळुरू एका फूटपट्टीने पास होते आणि दुसरीने सहापट नापास, ते यामुळे.

पीएम १० या जाड धुळीबाबत तर देशी मर्यादाही पाळली गेलेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत कर्नाटकातून दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी यांच्या जोडीला बंगळुरूचेही नाव आहे.

रुमालावरची काळी रेघ

सिल्क बोर्ड चौकात संध्याकाळी सातच्या सुमाराला दुचाकीस्वारांची जी रांग लागते, तिच्यात निम्म्या लोकांच्या नाकावर रुमाल असतो. घरी गेल्यावर रुमाल सोडला की नाकपुड्यांच्या जागी दोन काळपट डाग दिसतात. धूळ अडली, असे समाधान वाटते. अडली खरी, पण ती जाड धूळ. पीएम २.५ चे कण माणसाच्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. साध्या सुती कापडाच्या विणीतून ते आरपार जातात. जे रुमालावर दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही ते अधिक नुकसान करते.

ही धूळ येते कुठून? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा एक अभ्यास करवून घेतला होता. त्यात पुणे आणि मुंबईही होती. बंगळुरूचा भाग टेरी या संस्थेने केला. २०१० च्या त्या अहवालात शहरातील पीएम १० पैकी सुमारे ४२ टक्के वाटा वाहनांच्या धुराचा निघाला. रस्त्यावरून उडणारी धूळ २० टक्के, बांधकामे आणि उद्योग प्रत्येकी १४ टक्के, डिझेल जनरेटर ७ टक्के. त्यानंतर शहर पसरले, मेट्रो आली, आणि नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. प्रमाणे थोडी हलली असतील, पण मुख्य गुन्हेगार बदललेला नाही. बंगळुरूच्या जवळपास ना मोठी औष्णिक वीजकेंद्रांची रांग आहे, ना शेतात पेंढा जाळणारा पट्टा. इथली धूळ बव्हंशी इथल्या रस्त्यांवरच तयार होते. पीण्या औद्योगिक वसाहत, होसूर रस्ता, आउटर रिंग रोड, रात्री कोपऱ्यावर पेटवलेला कचऱ्याचा ढीग, वीज गेली की अपार्टमेंटच्या तळघरात धडधडू लागणारा जनरेटर, अशी तिची उगमस्थाने.

हिवाळ्यात त्यात भर पडते. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. खालची वाफ वर जात नाही. ऊन चढेपर्यंत धूर जमिनीलगतच घुटमळतो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना जी हवा ताजी वाटते ती थंड असते, स्वच्छ असतेच असे नाही.

धुळीचे वजन सारखे असले तरी विषारीपणा सारखा नसतो. समुद्रावरून आलेल्या मिठाचा कण आणि डिझेलच्या काजळीचा कण एकाच मापात मोजले जातात, पण काजळीचा कण स्पंजसारखा असतो. त्याच्या पृष्ठभागावर अर्धवट जळालेल्या इंधनातील तेलकट रसायने चिकटून बसतात. त्यांतील बेंझोपायरीन हे सर्वांत बदनाम. भारताच्या २००९ च्या मानकांत बेंझोपायरीन, बेंझीन, आर्सेनिक आणि निकेल यांच्यासाठी स्वतंत्र मर्यादा घातल्या आहेत, त्या उगीच नाहीत. चारही कर्करोगजनक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला पहिल्या गटात टाकले. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा पहिल्या गटाचा अर्थ. तंबाखू त्याच गटात आहे. मात्र गट एकच म्हणजे धोका तेवढाच, असे नाही. तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची तीव्रता नाही. वर्तमानपत्री मथळ्यांत हा फरक हटकून गळतो.

नाकापासून वायुकोशापर्यंत

श्वसनमार्ग ही चाळण्यांची उतरंड आहे. नाकातले केस आणि ओलसर त्वचा जाड कण धरून ठेवतात. त्याखाली श्वासनलिकांच्या आतल्या अंगाला चिकट शेंबडाचा पातळ थर असतो आणि त्या थराखाली अतिसूक्ष्म लव सतत वरच्या दिशेने वल्ही मारत असते. अडकलेला कण हळूहळू घशापर्यंत ढकलला जातो आणि नकळत गिळला किंवा खाकरून टाकला जातो. पीएम १० ची बहुतेक धूळ याच सरकत्या जिन्यावरून परत फिरते.

पीएम २.५ चे कण यातून निसटून वायुकोशांपर्यंत पोचतात. हे छोटे फुगे दोन्ही फुफ्फुसांत मिळून कित्येक कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर क्षेत्र होईल, म्हणजे बंगळुरूतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाइतके. एवढ्या मोठ्या फरशीवर ना लव आहे ना शेंबडाचा थर, कारण तिथे रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा शक्य तितका पातळ ठेवायचा असतो. सफाईचे काम तिथे भक्षक पेशी करतात. त्या कण गिळतात आणि पचवण्याचा प्रयत्न करतात. जिवाणू पचतो, काजळी पचत नाही. न पचणारा घास घशाशी अडकलेली पेशी मदतीसाठी रासायनिक हाका मारू लागते, आणि आजूबाजूच्या ऊतींना सूज येते. एखाद्या दिवशी हे झाले तर काहीच बिघडत नाही. वीस वर्षे रोज झाले तर सूज हीच तिथली कायमची अवस्था होऊन बसते.

बिघाडाचे दोन रस्ते

पहिला रस्ता जुना आणि सर्वमान्य. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये नोंदवले की लहानपणी चिमण्या साफ करणाऱ्या मुलांना पुढे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो. कारण होते काजळी. एखादा बाह्य पदार्थ आणि कर्करोग यांचा संबंध जोडणारी ही पहिली ठळक नोंद मानली जाते. काजळीतले नेमके द्रव्य हाती यायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे गेली. १९३० च्या दशकात कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढण्यात आले.

गमतीची गोष्ट अशी की बेंझोपायरीन स्वतः फारसे उपद्रवी नाही. ते तेलकट आहे, आणि तेलकट कढई जशी नुसत्या पाण्याने निघत नाही तसे ते शरीराला लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. म्हणून पेशीतली विकरे त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करायला घेतात. या खटाटोपात मधल्या टप्प्यावर एक अतिशय चिकट रूप तयार होते. ते डीएनएच्या साखळीला जाऊन चिकटते. पेशी दुभंगताना त्या जागी साखळीची नक्कल चुकते. दुरुस्तीची यंत्रणा बहुतेक चुका काढून टाकते. जी राहते ती पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. चूक पेशीच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकात पडली, तर कर्करोगाकडे जाणारी पहिली पायरी चढली गेली. स्वच्छता करायला गेलेल्याच्याच हातून काच फुटावी, तसा हा प्रकार.

दुसरा रस्ता अलीकडे उजेडात आला, आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या कर्करोगाचे कोडे त्याने बरेच उलगडले. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वाँटन यांच्या गटाने एप्रिल २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये हे काम प्रसिद्ध केले. २९५ जणांच्या कर्करोग नसलेल्या फुफ्फुस-ऊतींचे नमुने त्यांनी तपासले. त्यांतील १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआर या जनुकातील, आणि ५३ टक्क्यांत केआरएएस या जनुकातील, कर्करोगात सापडणाऱ्या चुका आधीच हजर होत्या. वय वाढते तसे अशा चुका कुठेकुठे साचत जातात. त्या बहुधा राखेखालच्या निखाऱ्यासारख्या पडून राहतात. प्रदूषणाने नवी चूक घडवली नाही तरी चालते. निखाऱ्यावर फुंकर घातली की पुरे. ती फुंकर म्हणजे वर सांगितलेली सूज. भक्षक पेशी कण गिळून इंटरल्युकिन-१ बीटा नावाचे द्रव्य सोडतात, आणि त्या इशाऱ्यावर चुकीची पेशी झपाट्याने वाढू लागते. उंदरांत हे द्रव्य अडवले तेव्हा गाठी कमी झाल्या. इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा येथील सुमारे ३३ हजार रुग्णांच्या माहितीतही, पीएम २.५ जिथे अधिक तिथे ईजीएफआर जातीचा फुफ्फुस-कर्करोग अधिक, असे दिसले.

भारताच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. येथील फुफ्फुसाच्या ग्रंथीय कर्करोगात ईजीएफआरमधील चूक साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यातील रुग्णांत आढळते, पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच अधिक. त्यांत कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात.

> चौकट : आकडे वाचण्यापूर्वी
>
> मायक्रोग्रॅम – ग्रॅमचा दहा लाखावा भाग.
>
> पीएम २.५ – २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.
>
> वार्षिक मर्यादा, पीएम २.५ – भारत ४०, जागतिक आरोग्य संघटना ५ (घनमीटरला मायक्रोग्रॅम).
>
> एक्यूआय – त्या दिवसाच्या हवेचा निर्देशांक. दम्याच्या रुग्णाने आज बाहेर पडावे की नाही, हे ठरवायला उपयोगी. कर्करोगाचा धोका त्यावरून काढता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांची सरासरी लागते.

पुरावा कसा जमला

कुणालाही वीस वर्षे मुद्दाम धुरात कोंडून प्रयोग करता येत नाही. म्हणून संशोधक मोठा जनसमूह निवडतात, प्रत्येकाच्या पत्त्यावरची हवा मोजतात किंवा उपग्रहाच्या मदतीने अंदाजतात, वय, विडी-सिगारेट, व्यवसाय, शिक्षण यांची नोंद ठेवतात आणि वाट पाहतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अशा समूहावरील निष्कर्ष २००२ मध्ये आला. पीएम २.५ ची पातळी १० मायक्रोग्रॅमने वाढली की फुफ्फुस-कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात, असा तो होता. याचा अर्थ शंभरातल्या आठ माणसांना कर्करोग होतो, असा नाही. एखाद्या शहरात या रोगाने वर्षाला १०० मृत्यू होत असतील तर त्यांचे १०८ होतात. एकेका माणसाच्या दृष्टीने ही वाढ किरकोळ आहे. पण विडी सोडता येते, श्वास सोडता येत नाही. कोटीभर लोक एकाच वेळी तीच हवा घेतात, तेव्हा किरकोळ टक्क्यांचीही रुग्णालये भरतात. युरोपातील नऊ देशांतल्या १७ समूहांचा, तीन लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला आणि त्याने फुफ्फुसाबाबतचा संशय जवळपास संपवला.

फुफ्फुसाबाहेर मात्र चित्र इतके स्वच्छ नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमायोजना आहे. तिच्या २००० ते २०१६ च्या नोंदी हार्वर्डच्या संशोधकांनी तपासल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. दहा वर्षांच्या प्रदूषणाशी मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संबंध दिसला, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी दिसला नाही, आणि स्तनाच्या कर्करोगाबाबत आकडे एका सुरात बोलले नाहीत. बंगळुरूत स्त्रियांमध्ये स्तनाचाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. त्याचे खापर आज हवेवर फोडणे घाईचे ठरेल.

याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट बंगळुरूला अधिक लागू पडते. फक्त कमी प्रदूषणाचे भाग वेगळे काढून पाहिले तेव्हा चारही कर्करोगांशी संबंध अधिक ठळक दिसला. असेच काहीसे भारतातही दिसले आहे, जरी ते कर्करोगाबद्दल नाही. २००८ ते २०१९ या काळातील दहा भारतीय शहरांचा एक अभ्यास जुलै २०२४ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आला. त्यात पुणे, मुंबई आणि बंगळुरूचा समावेश होता. पीएम २.५ मध्ये अल्पकाळ १० मायक्रोग्रॅमची वाढ झाली की रोजचे मृत्यू सरासरी १.४२ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. आणि दिल्लीपेक्षा बंगळुरू, चेन्नई, सिमला अशा तुलनेने स्वच्छ शहरांत ही वाढ अधिक तीव्र होती. पांढऱ्या सदऱ्यावर पहिला डाग जितका उठून दिसतो तितका विसावा दिसत नाही. मर्यादेच्या आतली हवा निरुपद्रवी असते, ही समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही.

खाटा मोजून हवा कळते का?

होसूर रस्त्यावर निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या शेजारी किदवई स्मारक कर्करोग संस्था आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कर्नाटकातील कर्करोग उपचारांचा सरकारी कणा म्हणता येईल. तिच्या दारात कलबुर्गी, रायचूर, बळ्ळारीची माणसे दिसतात, तशी आंध्रातलीही. तिथल्या खाटा भरल्या म्हणून बंगळुरूची हवा बिघडली, असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. रायचूरच्या खेड्यातून आलेल्या स्त्रीच्या फुफ्फुसात सिल्क बोर्डचा धूर नसतो, कदाचित तीस वर्षांच्या चुलीचा असतो.

दाखल होणाऱ्यांचा आकडा इतर कारणांनीही वरखाली होतो. एकच रुग्ण केमोथेरपीसाठी वर्षात आठ वेळा दाखल झाला तर वहीत आठ नोंदी पडतात. २०१८ मध्ये आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजना आली. अशी योजना आली की घरी कण्हत बसणारा माणूस रुग्णालयात येतो, आणि नोंदी वाढतात. रोग वाढला नाही, दार उघडले. याच्या उलटही घडते. मार्च ते मे २०२० या टाळेबंदीच्या काळात देशभर हवा कधी नव्हे इतकी निवळली होती. त्याच तीन महिन्यांत भारतातील ४१ कर्करोग केंद्रांतील नव्या नोंदण्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी आणि दाखल होणारे रुग्ण ३६ टक्क्यांनी घटले. नुसते दोन आलेख शेजारी ठेवले तर स्वच्छ हवेने तीन महिन्यांत कर्करोग पळवला, असे वाटेल. प्रत्यक्षात रेल्वे आणि बस बंद होत्या, एवढेच.

म्हणून रोगाचा खरा हिशेब रुग्णालयाच्या वहीत नसतो, तो लोकसंख्येच्या नोंदणीत शोधायचा असतो. ठरावीक हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला, तो कुठल्याही रुग्णालयात गेला तरी, एकदाच मोजायचे अशी ही पद्धत. भारतात मुंबईने १९६० च्या दशकात ती सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८२ पासून मुंबई आणि चेन्नईबरोबर बंगळुरूची नोंदणी चालू आहे. ती किदवई संस्था सांभाळते. योगायोग असा की देशभरच्या अशा नोंदणींचा हिशेब लावणारे परिषदेचे केंद्रही बंगळुरूतच आहे. चार दशकांहून अधिक काळची कर्करोगाची वही ज्या शहराकडे आहे अशी भारतात फार शहरे नाहीत.

त्या मानाने हवेची वही कोवळी आहे. सुरुवातीच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा गाळणी कागद लावून धूळ गोळा केली जाई. पीएम २.५ तर भारतीय मानकांतच आले २००९ मध्ये. तासातासाला मोजणारी स्वयंचलित यंत्रे शहरभर बसली ती त्यानंतर. जयनगर, हेब्बाळ, बापूजीनगर, होंबेगौडा नगर, सानेगुरुवनहळ्ळी ही त्यांतील काही ठिकाणे.

दाखल झालेल्याला पुन्हा दाखल करणारी हवा

हवा आणि रुग्णालयातील खाट यांचा आणखी एक, अगदी वेगळा संबंध आहे. कर्करोग झालेल्या माणसाचे फुफ्फुस आधीच थकलेले असते. रेडिएशनने त्याचा काही भाग ताठ होतो, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात. अशा माणसाला दोन दिवसांची वाईट हवाही न्यूमोनिया किंवा धाप लागण्याचे निमित्त ठरू शकते. तो पुन्हा दाखल होतो आणि नोंदीत कर्करोगाचा रुग्ण म्हणूनच दिसतो. पहिल्या प्रकारात हवेने वीस वर्षांत रोग घडवला, दुसऱ्यात दोन दिवसांत तो चिघळवला. आकडा एकच, गोष्टी दोन. दीर्घकालीन परिणामाचा अभ्यास करणाऱ्याला त्या सोडवून घ्याव्या लागतात, नाहीतर उत्तर भलतेच येते.

तंबाखूचे नावही विसरून चालत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातील साधारण २३ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आजही धूम्रपानच आहे. शिवाय प्रदूषित हवेने होणाऱ्या अकाली मृत्यूंत फुफ्फुस-कर्करोगाचा वाटा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने केवळ ४ टक्के आहे. दोन तृतीयांश मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताचे असतात. हवा सुधारण्याचे सर्वांत भक्कम कारण कर्करोग नाही, हृदय आहे. कर्करोगाची भीती अधिक वाटते, म्हणून चर्चा त्याची होते.

उशिरा येणारे बिल

फुफ्फुसाच्या कर्करोगाला पहिल्या चुकीपासून गाठ दिसेपर्यंत बहुधा दशके लागतात. आज पंचावन्नाव्या वर्षी निदान झालेल्या बंगळुरूकराच्या गाठीत १९९० च्या दशकातल्या टू-स्ट्रोक रिक्षांचा धूर आणि त्या काळच्या गंधकयुक्त डिझेलची काजळी यांचा वाटा असणार. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे इंधन आले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भाग इतकेच असते. आधीच्या टप्प्यात ते ५० होते. याचा फायदा दमेकऱ्याला त्याच वर्षी मिळू शकतो. कर्करोगाच्या नोंदणीत तो दिसायला २०४० उजाडावे लागेल, आणि तेव्हा वाहनांची संख्या किती असेल त्यावर तो दिसेल की नाही हे ठरेल.

बंगळुरूच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण विशेष आहे. लोकसंख्या नोंदणीच्या नियमानुसार किमान एक वर्ष हद्दीत राहिलेला माणूस तिथला रहिवासी धरला जातो. रुग्णांची संख्या मोजायला हा नियम ठीक आहे. पण हे शहर बाहेरून आलेल्यांनी भरलेले आहे. पुण्यात कॉलेज, मुंबईत पहिली नोकरी आणि मग व्हाइटफील्डमध्ये घर, असा प्रवास केलेली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. सोलापूरच्या गिरणीत पंचवीस वर्षे घालवून मुलाकडे राहायला आलेले आजोबा दीड वर्षाने आजारी पडले, तर वहीत ते बंगळुरूचे रुग्ण. त्यांचा चमचा भरला सोलापुरात.

ही उणीव रुग्ण आणि नातेवाईक काही अंशी भरून काढू शकतात. केसपेपरवर आजचा पत्ता असतो. त्याच्या जोडीला मागच्या वीस-पंचवीस वर्षांत कुठे कुठे राहिलो, घरात चूल किंवा कोळशाची शेगडी होती का, घर मोठ्या रस्त्याला लागून होते का, काम कसले होते आणि तंबाखूची सवय किती वर्षे होती, एवढे एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे द्यावे. आणि एक गोष्ट विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. भारतात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक्स-रेवरील डाग अनेकदा क्षयाचा समजला जातो आणि त्यात मौल्यवान महिने जातात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तपासणी करून घ्यावी. थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले नसतील आणि क्षयाच्या औषधांनी काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर गोळ्या चालू आहेत म्हणून थांबून न राहता सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.